पाल

सकाळी आठला आधी आकडा, मग हजेरी.
एकसष्ट पूर्णांक चार.
काल हाच होता, परवाही.
टाकीत काठी बुडवून ओल मोजायची सवय
या गावाच्या हाताला आहे;
या टाकीत काठी चालत नाही.
आत शून्याखाली दोनशे एकोणसत्तर,
भिंतीबाहेर मे महिना, चव्वेचाळीस.

जगात जर्मनी, भारतात परभणी, म्हणत आलो.
खरीखुरी जर्मनी आता तळमजल्यावर येऊन बसलीय,
साडेचार टन, पांढरीफेक,
आणि चोवीस तास चुकचुकते.
थंडी राखणाऱ्या पंपाचा आवाज तो. आम्ही त्याला पाल म्हणतो.
लोकांच्या मनात पाल चुकचुकली की धडकी भरते,
आमच्या, ती थांबली की.

एप्रिलातच पुरवठादाराचा फोन आला होता:
कुठल्या तरी बंदरात जहाज अडकलंय,
दिवाळीपर्यंत हेलियम विसरा,
भाव तर विचारूच नका.
वट्टमवार मॅडम चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन
स्वतः ओपीडीत गेल्या, हाडांच्या डॉक्टरांशी भांडल्या.
नुसती कंबर दुखतेय ना? सहा आठवडे थांबा, आधी हातानं तपासा.
डोक्याला मार, तर सीटी. पोटात गाठ, तर सोनोग्राफी.
मज्जारज्जू, मेंदू, लहान लेकरू
एवढंच आमच्या दारात,
तेही पहाटे पाच ते अकरा,
चिलरला उन्हाची झळ लागायच्या आत.

चिलर गच्चीवर. तो हफीज मिस्त्रींच्या हवाली,
ज्यांचा जन्म कूलर दुरुस्त करण्यात गेला.
कंपनीचा इंजिनियर पुण्याहून व्हिडिओवर बघत राहिला,
हफीजभाईंनी वाळ्याच्या ताट्या बांधल्या,
खाली ओली पोती,
केरबा दर वीस मिनिटांनी बादली मारतो.
मॅन्युअलमध्ये हे पान नाही.

पाथरीच्या सोजरबाईंना मी तिसऱ्यांदा परत पाठवलं.
"मशीन बी उपाशी हाय व्हय?"
म्हटलं, मावशी, ह्याला लागणारा वायू
माणसाला आधी सूर्यात दिसला, मग जमिनीत सापडला.
त्या हसल्या नाहीत.
"सूर्य काय कमी हाय का हितं? घ्या की काढून."
दारातल्या तीन पायऱ्या
त्यांनी बसून उतरल्या, गुडघा धरून.

भाचीचा वाढदिवस, जिंतूर रोडचा हॉल.
छताला टेकलेले फुगे मी मोजत बसलो, सत्तर.
कोपऱ्यात कळकट सिलिंडर.
फुग्यातल्यानं मशीन भरत नाही, ठाऊक आहे.
तरी निघताना तिच्या हातून एक सुटला
आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या,
तेव्हा माझे हात खिशात होते.
वर गेलेलं पाणी कधी ना कधी खाली येतं.
हा गेला की पृथ्वीच सोडतो.

काल रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी वीज गेली.
जनरेटर खोकला, बसला.
पाल थांबली.
त्या खोलीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.
हफीजभाई कोपरापर्यंत डिझेलमध्ये,
मी बॅटरीवर तगलेल्या आकड्यासमोर,
बाहेर बाकावर मानवतचा एक बाप,
मांडीवर लेकरू, पाचचा नंबर.
त्यानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.
एकोणीस मिनिटं.

मग खालून घरघर, भिंतीतून एक चुक्,
जरा थांबून दुसरी.

सकाळी आठ. एकसष्ट पूर्णांक तीन.
तीन लिहिताना पेन जास्त दाबलं गेलं,
खालच्या कोऱ्या पानावर उमटलंय.
लेकरू स्कॅनमध्ये अजिबात हललं नाही,
बाप आता चहा शोधत गेलाय.
वर गच्चीत केरबानं
आजची पहिली बादली नळाखाली लावली.